दमलेल्या माणसाची सही

प्रति,
विमानतळांवर मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे संचालक,
आणि त्यांना तिथे जागा देणारी विमानतळ व्यवस्थापने

विषय : काउंटरवर घेतल्या जाणाऱ्या सह्यांबाबत

महोदय,

तुमच्या काउंटरसमोर मी आजवर अकरा वेळा उभा राहिलो आहे आणि अकराही वेळा माझी झोप झालेली नव्हती. ज्या कागदावर सही केली तो पूर्ण वाचल्याचे मला एकदाही आठवत नाही. चूक माझी, हे मान्य करूनच पुढे लिहितो. पण रांगेत माझ्या पुढचेही तेच करतात, मागचेही तेच करतात, तेव्हा ही सगळी मांडणी कुणीतरी विचारपूर्वक केलेली असावी असा संशय येतो.

परदेशात उतरलेला माणूस तुमच्यापर्यंत कसा पोचतो ते बघा. नऊ-दहा तासांचा प्रवास, मग इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यावरून सगळ्यांत शेवटी येणारी आपली बॅग, मग तुमच्या पाट्या शोधत इमारतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चाल, आणि पुष्कळ ठिकाणी तिथूनही पुढे एक बस. काउंटरवर पोचावे तर तिथे आणखी एक रांग. मुले बॅगांवर बसून पेंगत असतात. मनगटावरचे घड्याळ अजून मागच्या देशाची वेळ दाखवत असते. नेमके तेव्हा तुम्ही त्याला विचारता : विमा कोणता, डिपॉझिट कुठल्या कार्डावर, टाकी भरून आणणार की पैसे आत्ताच भरणार, टोलचे यंत्र हवे का, बिल कुठल्या चलनात. सहलीतल्या बाकी कुठल्याही खरेदीला तो दहा दिवस विचार करतो. इथे तीन-चार मिनिटे मिळतात, कारण मागचे लोक पाय आपटत असतात. मग छोट्या पडद्यावर बोटाने सही. पडद्यावर सहीची चौकट तेवढी दिसते. ज्याखाली सही करायची तो मजकूर केव्हाच वर सरकून गेलेला असतो.

काउंटरवरच्या मुलामुलींबद्दल माझी तक्रार नाही. रात्रपाळीला ती आमच्याइतकीच दमलेली असतात. एकदा माझे कागद छापून येईपर्यंत तिथल्या मुलीने आवाज खाली आणून सांगितले, "मला महिन्याला विम्याचा ठरलेला आकडा गाठावा लागतो, म्हणून तिसऱ्यांदा विचारतेय, राग मानू नका." तो आकडा तुम्ही ठरवता. म्हणून पत्र तुम्हाला.

ही सोय मुळात किती साधी होती! भाड्याच्या मोटारी पूर्वी शहरात मिळत. शिकागोत वॉल्टर जेकब्जने १९१८ साली बारा मॉडेल-टी फोर्ड घेऊन हा धंदा सुरू केला होता. पण विमानातून उतरलेल्या माणसाने शहरापर्यंत जायचे कसे? हवाई दलात राहिलेल्या वॉरन एविसला ही अडचण चांगली ठाऊक होती. १९४६ मध्ये त्याने डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर तीन मोटारी आणून ठेवल्या. उतरा, किल्ली घ्या, निघा. आज मोटार पुन्हा विमानापासून लांब गेली आहे. मोठ्या विमानतळांवर सगळ्या कंपन्यांची मिळून एक स्वतंत्र इमारत असते आणि तिथे जायला बस किंवा छोटी रेल्वे. अमेरिकेत ती इमारत बांधल्याचा खर्चसुद्धा दिवसाच्या हिशेबाने आमच्याच बिलात येतो.

विमानतळ व्यवस्थापनांना या पत्रात ओढले ते यासाठीच. जागा दिल्याबद्दल तुम्ही या कंपन्यांच्या उलाढालीतला वाटा घेता, अमेरिकेत तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि कंपनी तो 'कन्सेशन रिकव्हरी फी' अशी वेगळी ओळ टाकून आमच्याकडून वसूल करते. दुकानदाराने आपल्या गाळ्याचे भाडे गिऱ्हाइकाच्या पावतीवर निराळे लावावे, तसला हा प्रकार. गाळ्याचे भाडे घ्या, पण मग गाळ्यात काय चालते त्याचीही थोडी जबाबदारी घ्या. सुरक्षा तपासणीला किती मिनिटे लागली हे तुमचे फलक दाखवतात. गाडीची किल्ली हातात पडायला किती वेळ लागला, हे मोजलेले मी कुठे पाहिले नाही.

आता दराबद्दल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण बहुधा तुमच्या संकेतस्थळांकडे बघूनच सुचली असावी. दिसणारा दर इतका कमी असतो की त्यात गाडी धुण्याचाही खर्च निघू नये. मग मसाला सुरू होतो : विमानतळावरून घेतल्याचा अधिभार, दुसऱ्या चालकाचे वेगळे, पंचवीस वर्षांखालचा चालक असेल तर त्याचे वेगळे, लहान मुलाच्या सीटचे इतके की दोन आठवड्यांत नवी सीट विकत घेता यावी, गाडी दुसऱ्या गावात सोडली तर त्याचे आणखी. यामागचे कारण मला कळते. दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर यादी सर्वांत कमी आकड्यापासून लागते. जो प्रामाणिकपणे पूर्ण रक्कम लिहील तो तिसऱ्या पानावर जाईल आणि तिसरे पान कुणी उघडत नाही. म्हणजे खरे बोलणाऱ्याला शिक्षा होईल असा खेळ तुम्ही सर्वांनी मिळून मांडला आहे आणि आता त्यातून एकट्याने बाहेर पडणे कुणालाच परवडत नाही. आम्ही ग्राहकही त्यात सामील आहोत. पहिल्या ओळीवर बोट दाबणारे आम्हीच.

अशा वेळी बाहेरून कुणीतरी शिटी वाजवावी लागते. युरोपमध्ये ती वाजली. तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणा आणि युरोपियन कमिशन यांच्या दबावाखाली एविस, युरोपकार, एंटरप्राइझ, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच कंपन्यांनी आपल्या पद्धती बदलण्याचे मान्य केले आणि जानेवारी २०१७ मध्ये कमिशनने ते जाहीर केले. टाळता येणार नाहीत असे सगळे आकार एकूण रकमेत धरायचे, इंधन, किलोमीटर आणि डिपॉझिटच्या अटी आधीच स्पष्ट सांगायच्या, विम्याची भाषा नीट करायची, असे त्यात होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लपवलेल्या आकारांविरुद्ध नियम केला, तो मे २०२५ पासून लागूही झाला, पण तो कार्यक्रमांची तिकिटे आणि हॉटेलसारखा अल्पकालीन मुक्काम एवढ्यापुरताच. मोटारी त्यातून सुटल्या. तुमच्यापैकी काहींना त्या दिवशी हायसे वाटले असेल.

सगळ्यांत जास्त गोंधळ विम्याचा, आणि सहीचा प्रश्न खरा तिथेच आहे.

ज्याला तुम्ही 'सीडीडब्ल्यू' (कोलिजन डॅमेज वेव्हर, म्हणजे नुकसानभरपाईतून सूट) म्हणता त्याला आम्ही विमा समजतो. पुष्कळ ठिकाणी तो कायद्याच्या भाषेत विमा नसतोच. गाडीचे नुकसान झाले तर ठरावीक रकमेच्या वरचे आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, एवढे ते कबूल केलेले असते. त्या ठरावीक रकमेला 'एक्सेस' म्हणतात आणि ती आमच्या खिशातून जाते. एक्सेस किती? कित्येकदा आठवडाभराच्या भाड्याच्या काही पट. शिवाय त्या कबुलीतून काय काय वगळलेले आहे ते पाहा : टायर, काचा, छत, गाडीचा तळ, आतली बैठक, हरवलेली किल्ली, चुकीचे इंधन. गाडीला परक्या रस्त्यावर इजा होते ती बहुतांशी याच जागांना. पहिल्याच दिवशी अरुंद गल्लीत कडेच्या दगडाला चाक घासते, मोठ्या रस्त्यावर पुढच्या ट्रकचा खडा काचेवर बसतो. म्हणजे छत्री द्यायची आणि बारीक अक्षरात लिहायचे की पावसाचे पाणी वगळून.

यातही देशागणिक फरक. युरोपात त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा कायद्याने बंधनकारक असल्यामुळे तो भाड्यात आलेला असतो आणि सीडीडब्ल्यूही बहुधा धरलेली असते, फक्त एक्सेस मोठी. अमेरिकेत नुसता मूळ दर घेतला तर सीडीडब्ल्यू त्यात नसू शकते आणि त्रयस्थाचे संरक्षण त्या त्या राज्याच्या किमान मर्यादेपुरतेच, किंवा तेवढेही नाही. युरोपात तीनदा गाडी घेतलेला माणूस चौथ्यांदा अमेरिकेत त्याच हिशेबाने सही करतो आणि उघड्यावर पडतो. क्रेडिट कार्डाबरोबर येणारे संरक्षण हे तिसरे प्रकरण. ते मिळायला तुमची सीडीडब्ल्यू नाकारावी लागते, ते गाडीपुरते असते, समोरच्याच्या गाडीचा वा माणसाचा त्यात विचार नसतो, आणि काही कार्डांचे संरक्षण आयर्लंड, इस्राएल, जमैका अशा देशांत चालत नाही. हे सगळे रात्री अकरा वाजता काउंटरवर उभे राहून कुणी कसे जुळवायचे?

म्हणून काही शहाणे लोक आधीच बाहेरच्या कंपनीकडून एक्सेसचा वेगळा विमा घेऊन येतात. तो तुमच्या विम्याच्या मानाने फार स्वस्त असतो. या लोकांचे काउंटरवर काय होते ते मी स्वतः भोगले आहे. एका बेटावरच्या विमानतळावर मी माझा विम्याचा कागद पुढे केला. माणूस गोड हसला. "हा आम्हाला चालत नाही. मग तुमच्या कार्डावर पूर्ण एक्सेस ब्लॉक करावी लागेल." त्याने रक्कम सांगितली. माझ्या कार्डाची मर्यादा तेवढी नव्हती. दुसरे कार्ड बायकोच्या नावावर, पण गाडी माझ्या नावावर, म्हणून तेही चालेना. डेबिट कार्डाला तर त्याने हातही लावला नाही. शेवटचा पर्याय होता त्यांचा विमा घ्यायचा. तो घेतला की डिपॉझिट एकदम चिमूटभर होते. बाहेर शेवटची बस गेली होती. अडला हरी! सही केली. नंतर हिशेब केला तेव्हा त्या सात दिवसांत गाडीपेक्षा विमा महाग पडला होता. तो माणूस एक शब्दही खोटा बोलला नव्हता. ब्लॉकची रक्कम अटींत लिहिलेली होती, सत्तावीस पानांच्या अटींत अकराव्या पानावर. मी घरी आल्यावर शोधून काढली.

जादा विमा म्हणजे सरसकट लूट असेही मी म्हणणार नाही. आइसलँडमध्ये वाळू आणि राखेचा वेगळा विमा विकतात. ऐकायला गंमत वाटते, पण दक्षिण किनाऱ्यावरचा वारा वाळू उडवून गाडीचा रंग खरवडून काढतो, आणि निष्काळजीपणे उघडलेले दार बिजागरीसकट मागे वळवतो. तिथल्या डोंगरी कच्च्या रस्त्यांवर नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेले तर मात्र बहुधा कुठलाच विमा कामाला येत नाही. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ता भाड्याच्या गाड्यांना वर्ज्य आहे, तिथे गेलात की संरक्षण संपले. या अटींना कारण आहे, आणि जिथे कारण आहे तिथे ते सांगायला काउंटरवरच्या मुलाला अर्धे मिनिट पुरते. जिथे कारण सांगता येत नाही तिथेच त्याची जीभ अडखळते, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरी सही असते गाडीच्या स्थितीवर. वरून पाहिलेल्या मोटारीचे रेखाचित्र, त्यावर फुल्या. गाडी उभी असते तळघरातल्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये, पिवळ्या दिव्याखाली, आणि नुकतीच धुतल्यामुळे ओली. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही. पाणी वाळले की उमटतो. मी एकदा गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात चारही रिमा तपासत होतो तेव्हा शेजारून जाणाऱ्या तुमच्या माणसाने विचारले, "काही हरवलं का?"

गाडी परत देताना चित्र उलटे. उजेड भरपूर, माणूस तत्पर. किंवा माणूसच नाही : पहाटेचे विमान, ऑफिस बंद, किल्ली भिंतीतल्या फटीत टाकून जायचे. अटी सांगतात की तुमच्या माणसाने गाडी पाहीपर्यंत जबाबदारी माझी. म्हणजे मी विमानात झोपलेलो असताना तुमच्या आवारात कुणी गाडी घासली तरी ती मीच घासली. माझ्या बाबतीत दोन महिन्यांनी पत्र आले. मागच्या बंपरवर चरा. दुरुस्तीचा खर्च, गाडी बंद राहिल्याचा खर्च, आणि पत्र लिहिण्याचा म्हणून प्रशासकीय खर्च. सोबत एक फोटो, इतका जवळून काढलेला की ती माझीच गाडी होती, की मोटार होती तरी का, हे कळू नये. माझ्याकडे परत देतानाचे चौदा फोटो होते, वेळेसकट. ते पाठवले. उत्तर आले नाही, पैसे मात्र परत आले. ज्याच्याकडे चौदा फोटो नसतात त्याचे काय होत असेल?

आता तुम्ही यंत्रे आणता आहात. हर्ट्झने २०२५ मध्ये अटलांटाच्या विमानतळापासून कमानीसारखे स्कॅनर बसवायला घेतले. गाडी त्यातून गेली की कॅमेरे आणि संगणक मिळून ओरखडे शोधतात. त्याच उन्हाळ्यात इंचभर चऱ्याचेही बिल मोबाइलवर काही मिनिटांत आल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून झळकल्या. मला यंत्राची भीती वाटत नाही, उलट ते हवेच आहे. माणसाला कमिशन असते, कॅमेऱ्याला नसते. फक्त ते यंत्र गाडी परत घेताना जेवढे डोळे वटारते तेवढेच देतानाही वटारू दे, आणि निघतानाचा पूर्ण स्कॅन मी फाटकाबाहेर पडायच्या आत माझ्या मोबाइलवर येऊ दे. आणि वापराने होणारी झीज कुठवर आणि नुकसान कुठून, याची मोजपट्टी भिंतीवर लावा. सेंटिमीटरमध्ये.

तुमच्या नोंदींवर आंधळा विश्वास का ठेवू नये, याचे उदाहरण या धंद्यातच घडले आहे. भाडे भरलेल्या ग्राहकांच्या गाड्या चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांत झाली, लोकांना भर रस्त्यात अटक झाली, काही तुरुंगात राहिले. हर्ट्झने डिसेंबर २०२२ मध्ये असे ३६४ दावे सुमारे १६.८ कोटी डॉलर देऊन मिटवले. संगणकातली एक चुकीची नोंद, आणि माणसाच्या हातात बेड्या. त्यापुढे माझ्या बंपरचा चरा म्हणजे काहीच नाही.

परवान्याचे प्रकरण वेगळे, पण तेही काउंटरवरच फुटते. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे स्वतंत्र परवाना नव्हे, तो मूळ परवान्याचा ठरावीक नमुन्यातला अनुवाद. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला किंमत शून्य. आणि तो एका प्रकारचा नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला तीन वर्षांपर्यंत. जपानला फक्त १९४९ चा चालतो. त्यामुळे जर्मनी, फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडचा परवाना असलेल्या माणसाला तिथे आपल्या परवान्याचा अधिकृत जपानी अनुवाद न्यावा लागतो. चीनमध्ये आंतरराष्ट्रीय परवानाच चालत नाही, तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो. बुकिंग करताना तुम्ही माझे नाव, वय, कार्ड, विमानाचा क्रमांक सगळे विचारता. माझा परवाना कुठल्या देशाचा आणि कुठल्या लिपीतला, हा एक प्रश्न विचारत नाही. तो विचारला तर दोन ओळींत सांगता येईल की बाबा, हा कागद घेऊन ये. नाही विचारत. मग काउंटरवर गाडी नाकारली जाते आणि आगाऊ भरलेले पैसे 'ग्राहक आलाच नाही' या खात्यात बुडतात. समोर उभा असलेला माणूस आलाच नाही!

बाकीच्या गोष्टी झटपट सांगतो. टाकी भरून घ्यायची आणि भरून द्यायची, हा एकच व्यवहार सरळ आहे. आधी पैसे घेऊन रिकामी परत मागणे बंद करा, कारण कुणालाही टाकी नेमकी रिकामी करून विमानतळावर पोचता येत नाही. पेट्रोल की डिझेल हे किल्लीच्या बिल्ल्यावर ठसठशीत लिहा. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या नळीची मूठ हिरवी आणि डिझेलची काळी, तर अमेरिकेत हिरवी मूठ बहुधा डिझेलची. रंगावर भरवसा ठेवणारा इंजिन घालवून बसतो. युरोपने ऑक्टोबर २०१८ पासून पेट्रोलला वर्तुळ आणि डिझेलला चौकोन अशी खूण ठरवली आहे, पण ती माहीत असलेला एकही प्रवासी मला भेटलेला नाही.

"तुमच्याच चलनात बिल करू का?" हा प्रश्न सौजन्याचा वाटतो, त्यातला विनिमय दर कार्डाच्या बँकेच्या दराहून बहुधा वाईट असतो. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून दरावर किती टक्के वाढ लावली हे दाखवावे लागते. तुम्ही सगळीकडेच दाखवा, म्हणजे आम्ही सगळीकडेच नको म्हणू.

बुकिंगवर गाडीच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असे लिहिलेले असते, म्हणजे नेमकी तीच गाडी मिळेल असे नाही. या दोन शब्दांनी तर माझे अर्धे आयुष्य खाल्ले. बुकिंगवरच्या 'सीडीएमआर' अशा चार अक्षरांत सगळे ठरलेले असते : पहिले अक्षर आकाराचे, दुसरे दारांचे आणि बांधणीचे, तिसरे गियरचे, चौथे इंधन आणि एसीचे. तिसऱ्या जागी एम असेल तर गाडी हाताच्या गियरची. युरोपात तीच स्वस्त, म्हणून यादीत वर तीच. ज्याने जन्मभर ऑटोमॅटिक चालवली त्याने रस्त्याच्या उलट्या बाजूने, उलट्या हाताने गियर टाकत, वळायच्या दिव्याऐवजी वायपर सुरू करत पहिला चौक पार करायचा. ही अक्षरे तुमच्या कर्मचाऱ्यांना पाठ असतात, आम्हाला ती उलगडून सांगायला कुणाची हरकत आहे? शिवाय पेट्रोलची गाडी मागितलेल्या माणसाच्या हातात रात्री अकराला विजेवरच्या गाडीची किल्ली ठेवताना चार्जिंग कुठे आणि कुठल्या कार्डाने करायचे, एवढे तरी लिहून द्या.

टोल आणि दंड यांत तुमची दलाली आहे, तिथे मात्र मला राग येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर मार्च २०१३ पासून रोख पैसे घेणारा माणूसच नाही, नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि बिल तुमच्याकडे येते. एकदा पूल ओलांडला म्हणून यंत्राचे भाडे अख्ख्या सहलीचे, हे काय गणित? इटलीत जुन्या शहरांच्या गाभ्यात पालिकेच्या खास परवानगीविना गाडी न्यायला बंदी असते, फ्लॉरेन्समध्ये पाटी दिसेपर्यंत कॅमेऱ्याखालून गेलेलो असतो. नियम मोडला, दंड भरीन. पण माझे नाव-पत्ता पालिकेला कळवण्याचे पैसे तुम्ही प्रत्येक नोटिशीमागे वेगळे घेता, आणि हॉटेल शोधत मी त्याच कॅमेऱ्याखालून तीनदा गेलो असेन तर तीनदा. नाव-पत्ता मी एकदाच दिला होता.

आमचेही गुण मला ठाऊक आहेत. समुद्रावरून येऊन ओल्या कपड्यांनी सीटवर बसणारे आम्हीच, बंदी असलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी घालून वरून धुऊन आणणारेही आम्हीच, आणि लागलेला पोचा भिंतीकडे करून गाडी लावणारेही. तुमच्या अटी सत्तावीस पानी झाल्या त्यात आमच्या लबाडीचा हात आहे. त्या अटी पाळायला मी तयार आहे. फक्त त्या वाचायला मला जागे असू द्या.

म्हणजे काय करा? काउंटरवर विकणे बंद करा. विमा, टोल, इंधन, चालक, चलन, सगळे प्रश्न निघण्याच्या आठवडाभर आधी विचारा, उत्तरे घ्या, आणि एका पानावर पाच गोष्टी लिहून पाठवा : एकूण भाडे, ब्लॉक होणारी रक्कम, एक्सेस, काय काय वगळले आहे, आणि कुठले कागद लागतील. त्यानंतर कुणाला विचार बदलायचा असेल तर तो काउंटरवर स्वतःहून विचारील. तुम्ही विचारायचे नाही. रात्रीच्या मुलीच्या पगारातून विम्याचा आकडा काढून टाका. बाहेरचा एक्सेस विमा आणणाऱ्याला डिपॉझिटच्या कैचीत पकडू नका, किंवा पकडणारच असाल तर बुकिंगच्या पहिल्या पानावर तसे सांगा. नुकसानीचे बिल दोन आठवड्यांच्या आत, आधीच्या आणि नंतरच्या फोटोंसह पाठवा. नाही जमले तर सोडून द्या. यातली निम्मी कामे तुमच्या मोबाइल ॲपवर आज दुपारपासून करता येतील. तुमच्या नियमित सभासदांसाठी तुम्ही ती करताच : ते काउंटरला न थांबता थेट गाडीपाशी जातात आणि निघतात. म्हणजे काउंटरवाचून धंदा चालतो, हे तुम्हीच सिद्ध केले आहे.

पुढच्या महिन्यात मी बारावी गाडी घेणार आहे. विमान रात्री सव्वादहाला उतरते.

आपला,
रांगेतला एक ग्राहक

ता. क. : मागच्या खेपेच्या गाडीत मोबाइल जोडायला गेलो तर पडद्यावर आधीच्या नऊ जणांचे फोन नोंदलेले होते. एकाच्या नावाखाली अजूनही त्याची पूर्ण संपर्कयादी उघडत होती, आणि दिशादर्शकात 'घर' म्हणून त्याचा पत्ता. मी ते सगळे पुसून टाकले. गाडी धुताना तेवढे एक बटण दाबायला तुमच्या माणसाला सांगा.